गगनाची गती जाणणारे भास्कराचार्य

आपल्या उज्जयिनीला भारतीय ज्योतिषात मोठा मान आहे. आज जसे ग्रीनिचवरून रेखांश मोजतात, तसे प्राचीन ज्योतिषी उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा धरून ग्रहांचे गणित करीत. याच परंपरेत गतीचे मर्म उलगडून दाखविणारे थोर गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य.

शके 1036, म्हणजेच इ. स. 1114 मध्ये त्यांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे त्यांचे गाव. पिता महेश्वर स्वतः ज्योतिषी होते व तेच त्यांचे गुरू झाले. वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत.

त्यांच्यापुढे एक बिकट प्रश्न होता. चंद्र दिवसाला कधी सुमारे 12 अंश चालतो, तर कधी 15 अंश. एका दिवसातही त्याचा वेग पालटत असतो. मग सबंध दिवसाची गती धरून तिथीचा शेवट अचूक कसा सांगावा? मुंजालासारख्या पूर्वसूरींचा विचार पुढे नेऊन भास्कराचार्यांनी त्या त्या क्षणाची, म्हणजे तात्कालिक, गती काढण्याची रीत सांगितली. भुजज्येतील सूक्ष्म फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे त्यांनी ओळखले होते. युरोपात कलनशास्त्र उदयास आले, ते यानंतर सुमारे 500 वर्षांनी.

चंद्राला मापक जोडता येत नाही. दिसते त्यावरून न दिसणारे गणितानेच जाणावे लागते. आजच्या काही विजेच्या मोटारींतही हेच करतात. फिरणारा भाग वेटोळ्यांत वीज उत्पन्न करतो व तिच्यात त्याच्या गतीची खूण असते. म्हणून त्या भागाला मापक न लावता, केवळ वेटोळ्यांतील विद्युत्प्रवाह व विद्युद्दाब यांवरून त्याचे स्थान व वेग गणिताने ठरवितात.

1183 मध्ये, 69 व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुढे 1207 मध्ये त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटणे येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तेथील संस्कृत शिलालेखाच्या अखेरीस जुन्या मराठीतील ओळीही आहेत.

विद्यार्थी मित्रहो, पित्याने दिलेली विद्या भास्कराचार्यांनी वाढविली आणि नातवाने ती पुढच्या पिढ्यांसाठी जतन केली. गणिताचे पुस्तक उघडताना या ऋणाचे आपणही स्मरण ठेवू या.