माहितीला कोष्टकात बसविणारे एडगर कॉड

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर १९२३ साली जन्मलेल्या एडगर कॉड यांनी ऑक्सफर्डमध्ये गणित व रसायनशास्त्राचा अभ्यास केला, महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमाने चालविली आणि १९४८ नंतर अमेरिकेत आयबीएममध्ये नोकरी धरली. मॅकार्थींच्या काळातील वातावरणाला विटून ते काही वर्षे कॅनडात जाऊन राहिले. प्रवाहाविरुद्ध जाण्यास ते कचरत नसत.

साठच्या दशकात आयबीएमची आयएमएस ही प्रणाली माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणे साठवी: ग्राहकाखाली त्याच्या मागण्या, मागणीखाली वस्तू. एका ग्राहकाने काय मागविले, हे चटकन कळे. पण अमुक वस्तू कोणाकोणाला गेली, असे उलट विचारले की सगळी झाडे धुंडाळावी लागत, नाहीतर प्रोग्रामरने नवी वाट बांधून द्यावी लागे. कॉड यांनी १९७० च्या आपल्या निबंधात ग्राहक, वस्तू आणि मागण्या यांची वेगवेगळी कोष्टके मांडण्याची कल्पना पुढे ठेवली. त्यांना जोडणारे दुवे म्हणजे केवळ समान क्रमांक. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधावे ते यंत्राने ठरवावे. उद्या कोणता प्रश्न येईल, हे आज ठाऊक असण्याची गरजच उरली नाही.

आयएमएसवर कमाई होत असल्याने कंपनीला घाई नव्हती. जेथे डॉक्टरेट मिळविली त्याच अ‍ॅन आर्बर येथे १९७४ मध्ये कॉड यांचा चार्ल्स बाखमन यांच्याशी जाहीर वाद झाला. कोष्टके मंद चालतील, हा विरोधकांचा आक्षेप त्या काळच्या यंत्रांकडे पाहता पोकळ नव्हता. 'सिस्टिम आर' व 'इन्ग्रेस' या प्रयोगांनी त्याला उत्तर दिले. तरीही १९७९ मध्ये बाजार गाठला तो ओरॅकलने. आयबीएम दोन वर्षे मागे राहिली. कॉड यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १९८५ मध्ये त्यांनी कोष्टकी डेटाबेस ओळखण्याचे बारा नियम सांगितले. मोजणी शून्यापासून असल्याने ते प्रत्यक्षात तेरा भरतात!

२००३ मध्ये फ्लोरिडात त्यांचे निधन झाले, तेव्हा मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस असंख्य संकेतस्थळांखाली धावत होते. पुढे दस्तऐवजी डेटाबेसांनी झाडाचा आकार परत आणला. एखादा लेख त्यावरील प्रतिक्रियांसह एकदम उघडायचा असेल तर तो आकार सोयीचा. ऑनलाइन दुकानाचा हिशेब मात्र ग्राहक, वस्तू, गाव, महिना अशा दहा बाजूंनी विचारला जातो, आणि तेथे कॉड यांच्या कोष्टकांकडेच वळावे लागते.