गंगाराम तांबट : पेशवाईतील बारीक रेषेचा चित्रकार

अ‍ॅशबर्न : पेशव्यांचे पुणे म्हटले की तलवार आणि मुत्सद्देगिरी आठवते, कुंचला क्वचितच. गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट हा त्याच पुण्याचा चित्रकार. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने त्याचे कसब हेरले. १७९० मध्ये गंगारामने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा रेखाटला. तालमीतले पहिलवानही त्याच्या कागदावर उतरले.

१७९१ मध्ये स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईत आला. मॅलेटच्या खटपटीने आणि सवाई माधवरावांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली, तेव्हा गंगाराम वेल्सचा साहाय्यक झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळाने, १८५७ मध्ये निघाले.

येथे दोन रीतींची गाठ पडली. हिंदुस्थानी लघुचित्रकार कागद घोटून गुळगुळीत करी, आधी रेखांकन, मग रंगाचे थर आणि अखेरीस खारीच्या केसांच्या कुंचल्याने डोळे व दागिने रेखी. त्याचा भर रेषेवर. पाश्चात्त्य चित्रकार एका बाजूने प्रकाश मानून पातळ करड्या रंगाने छाया धरी. त्यामुळे आकृतीला गोलाई येई. वेरूळच्या लेण्यांत दोन्हींची गरज होती. झिजलेल्या मूर्तीचा दागिना रेषेवाचून हरवतो आणि खडकातून पुढे आलेला देह छायेवाचून सपाट दिसतो. गंगारामने रेषा सोडली नाही आणि छायाही आपलीशी केली. त्याच्या रेखाटनांचा आधार घेऊन मॅलेटने वेरूळचे वर्णन विद्वानांपुढे मांडले.

१७९५ मध्ये पेशवे आणि वेल्स दोघेही निवर्तले. चित्रशाळेचा आधारच गेला. पुढे मॅलेटने वेल्सच्या कन्येशी विवाह केला. वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिएलने काढलेली वेरूळची चित्रे १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्या कीर्तीत पुण्याच्या साहाय्यकाचे नाव मागे पडले.

गंगारामची अनेक चित्रे आज न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये, पॉल मेलन यांच्या संग्रहात आहेत. हे मेलन अ‍ॅशबर्नपासून तासाभराच्या अंतरावरील अपरव्हिलचे रहिवासी. संस्थेचे नाव ब्रिटिश कलेचे असले, तरी या चित्रांच्या नोंदीत चित्रकार म्हणून गंगाराम तांबट हेच नाव आहे. ते वाचायला मराठी माणसाने तेथे एकदा तरी जावे.