सोन्याचे लाल पाणी

मायकेल फॅरडे म्हटले, की चुंबक, तारेचे वेटोळे आणि विजेचे जनित्र आठवते. याच शास्त्रज्ञाने सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर केलेले काम मात्र फारसे परिचित नाही. वैद्यकातील नॅनोतंत्रज्ञान शाळकरी मुलांना समजावून सांगायचे, तर आरंभ तिथूनच करावा.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगत एका लोहाराच्या घरी झाला. शिक्षण लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब यांवरच संपले. १४ व्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागले. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून काढलेली टिपणे त्यांनी बांधून डेव्हींकडे धाडली. पुढच्याच वर्षी ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायक झाले.

वयाच्या साठीनंतर, १८५६ मध्ये, त्यांनी सोने हाती घेतले. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करताच द्रव माणकासारखा लाल झाला. मग सोने गेले कुठे? सूक्ष्मदर्शकात तर काहीच दिसेना. फॅरडेंनी द्रवातून प्रकाशाचा झोत सोडला आणि झोताची वाट उजळून निघाली. मीठ विरघळलेल्या स्वच्छ पाण्यात असे होत नाही. सोने विरघळले नव्हते, कणरूपाने तरंगत होते. कण इतके लहान झाले, की सोन्याचा पिवळेपणाही उरत नाही. हे निष्कर्ष त्यांनी ५ फेब्रुवारी १८५७ रोजी रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्या प्रयोगांतील काही बाटल्या आजही जपून ठेवलेल्या आहेत.

हे कण नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजावे लागतात. गर्भधारणेच्या तपासणीपट्टीवर उमटणारी लाल रेघ बहुधा अशाच सुवर्णकणांची असते. कणांना चिकटवलेली प्रतिपिंडे नेमका पदार्थ पकडतात, कण रेघेपाशी गोळा होतात आणि रंग डोळ्यांना दिसतो. करोनाच्या साथीत अनेक झटपट चाचण्यांनी हेच तत्त्व वापरले. फॅरडेंच्या मनात औषधोपचाराचा विचारही नसावा.

मुलांना शिकवणे हे मात्र त्यांनी मनापासून जपलेले व्रत होते. १८२७ ते १८६० या काळात त्यांनी नाताळच्या सुटीत मुलांसाठी १९ व्याख्यानमाला दिल्या. साध्या मेणबत्तीवर त्यांनी अख्खी माला गुंफली. आधी प्रयोग दाखवायचा, मग कारण सांगायचे, ही त्यांची रीत.

इंग्लंडमधील नामांकित शाळांत तेव्हा ग्रीक-लॅटिनचेच राज्य होते. १८६२ मध्ये त्या शाळांच्या चौकशी आयोगापुढे फॅरडेंनी साक्ष दिली. सोप्या भाषेत सांगितलेला प्रयोग समजला नाही असा मुलगा आपल्याला भेटलेला नाही, असे या वृद्ध शास्त्रज्ञाने आयोगाला सांगितले. तोवर त्यांची स्मरणशक्ती क्षीण होत चालली होती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी त्यांचे निधन झाले.