जॉन स्मीटन: पाण्यातही घट्ट होणाऱ्या चुन्यामागचा माणूस

स्लॅब टाकल्यावर त्यावर पाणी का साठवतात? कारण सिमेंट वाळून नाही, तर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. या गोष्टीचा पाया रचणाऱ्यांपैकी एक म्हणजे जॉन स्मीटन.

त्यांचा जन्म १७२४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सजवळ झाला. वडील वकील, पण यांना वकिली नको होती. आधी ते वैज्ञानिक उपकरणं बनवायचे, मग बांधकामाकडे वळले.

१७५५ मध्ये प्लिमथजवळच्या समुद्रातलं एडिस्टोनचं लाकडी दीपगृह जळालं. नवं बांधायचं काम स्मीटन यांच्याकडे आलं. पण भरतीच्या लाटा खडकावर यायच्या आणि साधा चुना पाण्यात घट्टच होत नाही. मग दगड टिकणार कसे?

त्यांनी ठिकठिकाणचे चुनखडक भाजून तपासले. ज्यात चिकणमाती मिसळलेली असते, त्याचाच चुना पाण्यात घट्ट होतो, हे लक्षात आलं. त्यात इटलीची ज्वालामुखीची राख घालून त्यांनी ग्रॅनाइट जोडला. १७५९ मध्ये दिवा लागला.

स्मीटन १७९२ मध्ये गेले. पुढे खालचा खडक झिजला, म्हणून १८८२ मध्ये नवं दीपगृह आलं. पण जुन्या मनोऱ्याचा वरचा भाग प्लिमथमध्ये आजही उभा आहे.