विश्लेषण : हर्शेल यांना न दिसलेला आकाशगंगेचा गाभा त्यांच्याच शोधामुळे कसा दिसला?

आकाशगंगेचा पहिला नकाशा काढणाऱ्या विल्यम हर्शेल यांनी सूर्याला तिच्या मध्याजवळ बसवले. ही चूक होती. खरा मध्य त्यांना दिसला नाही. पण तो दाखवणारे किरण त्यांनीच शोधले.

हर्शेल कोण होते?

१७३८ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथे जन्मलेले हर्शेल पेशाने संगीतकार. तरुणपणी ते इंग्लंडला गेले आणि बाथ शहरात ऑर्गनवादक झाले. दुर्बिणींचे धातूचे आरसे ते घरीच घासत. अशाच दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी त्यांना युरेनस सापडला. राजे तिसरे जॉर्ज यांनी वर्षासन दिले आणि संगीताची नोकरी सुटली.

नकाशा कुठे चुकला?

हर्शेल प्रत्येक दिशेचे तारे मोजत. तारे जास्त, तिथे आकाशगंगेचा विस्तार जास्त, असे गृहीत धरून त्यांनी १७८५ मध्ये नकाशा मांडला. खरे केंद्र धनू राशीच्या दिशेला, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. पण वाटेतल्या धुळीमुळे तिथल्या दृश्य प्रकाशाच्या साधारण एक लाख कोटी कणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोहोचतो. या धुळीची हर्शेल यांना कल्पना नव्हती. पुढे मोठ्या दुर्बिणीतून आणखी तारे दिसले, तेव्हा आपले गृहीतक टिकत नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केले.

अवरक्त किरण कसे सापडले?

सूर्याचे निरीक्षण करताना वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून कमी-जास्त उष्णता जाणवते, हे त्यांच्या लक्षात आले. १८०० मध्ये त्यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि त्यांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे प्रकाश दिसतच नव्हता, तिथे पारा सर्वाधिक चढला.

त्याचा उपयोग काय झाला?

अवरक्त किरणांची तरंगलांबी जास्त असल्याने धूळ त्यांना कमी अडवते. १९६६ मध्ये एरिक बेकलिन यांनी २.२ मायक्रॉन तरंगलांबीवर केंद्राभोवतीची ताऱ्यांची दाटी टिपली. पुढे तिथे आर्चेस आणि क्विंटुप्लेट हे जेमतेम काही दशलक्ष वर्षे वयाचे तारकागुच्छ अभ्यासता आले. एवढ्या खळबळीच्या जागी नवे तारे कसे जन्मतात, याचा शोध त्यांतून घेतला जातो.

हर्शेल यांचे २५ ऑगस्ट १८२२ रोजी निधन झाले. २००९ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने अवरक्त किरण टिपणारी दुर्बीण अवकाशात सोडली. तिला नाव दिले हर्शेल.