भिवंडीतला जुना ट्रक पीयूसीत नापास का होतो? उत्तर रुडॉल्फ डिझेलच्या आयुष्यात सापडतं

माणकोली नाका, अंजूरफाटा, काल्हेरची गोदामं. भिवंडीत कुठेही उभे राहा, मालाने भरलेला एखादा जुना ट्रक चढावर जोर लावताना दिसतोच. सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि मागचा दुचाकीवाला तोंडाला रुमाल लावतो.

ट्रकमालकाची काळजी वेगळी असते. पासिंगची तारीख जवळ आलेली असते, पीयूसी काढायची असते आणि मशिनचा आकडा वर गेला तर गाडी उभी राहणार असते. गाडी उभी राहिली तरी हप्ता मात्र थांबत नाही.

हा धूर ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे होता. इंधन वाया जाऊ नये. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. त्याची गोष्ट कळली की पीयूसीचं मशिन नेमकं काय मोजतं तेही कळतं.

युद्धाने घर सोडायला लावलेला पोरगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मन. वडिलांचं चामड्याच्या वस्तू बनवायचं छोटं दुकान होतं. म्हणजे घर कारागिराचं, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं, पण तिथे हातातोंडाची गाठ पडेना. मग बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. ज्यांच्या घरी तो राहिला ते गणित शिकवायचे. पोराने तिथेच ठरवून टाकलं की आपण इंजिनिअर व्हायचं.

पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत त्याला कार्ल फॉन लिंडे हे शिक्षक भेटले. हे लिंडे म्हणजे थंडावा तयार करणाऱ्या यंत्रांच्या क्षेत्रातलं मोठं नाव. त्यांच्या तासाला रुडॉल्फला एक गोष्ट समजली आणि ती डोक्यातून गेलीच नाही. त्या काळी सगळं जग वाफेच्या इंजिनावर चालत होतं आणि ते इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामाला लावत होतं. बाकीची उष्णता वाया जात होती.

१८८० मध्ये शिक्षण संपल्यावर त्याने लिंडेंच्याच कंपनीत बर्फ बनवायच्या यंत्रांवर नोकरी धरली. पोट त्यावर भरत होतं, पण डोक्यात इंजिन होतं.

सायकलचा पंप तापतो, तीच आयडिया

सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून गरम लागतो. हवा दाबली की ती तापते. डिझेलने हीच गोष्ट टोकाला नेली. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापेल. मग त्यात इंधन सोडायचं, ते आपोआप पेटेल. ठिणगीची गरज नाही, प्लगची गरज नाही.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये पेटंट मिळालं. ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने, म्हणजे पुढे मान नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने, त्याला जागा दिली. क्रुप कंपनीनेही पैसा लावला.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिला प्रयोग झाला. इंधन पेटलं, पण दाबाने इंजिनाला लावलेलं मापक यंत्रच फुटलं आणि डिझेल थोडक्यात वाचला. इंजिन स्वतःच्या जोरावर पहिल्यांदा फिरलं ते १७ फेब्रुवारी १८९४ ला, आणि तेही साधारण मिनिटभर.

त्यानंतर तीन वर्षं घासाघीस चालली. सगळ्यात जास्त छळलं ते इंधन आत सोडण्याच्या कामाने. इंधनाचं बारीक तुषारात रूपांतर झालं नाही, ते हवेत नीट मिसळलं नाही, तर ते पूर्ण जळत नाही. अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी होते. शेवटी दाबलेल्या हवेच्या झोतानेच इंधन आत फवारायचा मार्ग त्याने धरला.

१७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णता कामाला लागत होती. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त! बाहेरच्या तटस्थ माणसाने मोजलेला आकडा असल्याने जगाने तो मानला.

पैसा आला, आणि गेलाही

मग देशोदेशीचे कारखानदार रांगेत उभे राहिले. अमेरिकेतले बीअरचे बडे उद्योजक अडॉल्फस बुश यांनी तिथले हक्क दहा लाख मार्कला घेतले. डिझेल चाळिशीच्या आत करोडपती झाला.

पण बाजारात गेलेली सुरुवातीची इंजिनं सारखी बंद पडू लागली. तक्रारी आल्या, पेटंटवरून वाद झाले, तब्येत ढासळली. म्युनिकला त्याने आलिशान बंगला बांधला, जमिनीत आणि तेलात पैसा गुंतवला. तो बुडाला.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथेच एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. आज आपल्याकडे १० ऑगस्टला जैवइंधन दिन साजरा होतो आणि शेंगदाणा तेलाचा किस्सा त्या तारखेला जोडला जातो. प्रत्यक्षात ती तारीख १८९३ च्या पहिल्या प्रयोगाची आहे.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. डिझेलला मोठ्या गिरण्यांसाठी इंजिन बनवायचं नव्हतं. वाफेचं इंजिन अवाढव्य आणि महाग, त्यामुळे ते फक्त मोठ्या भांडवलदाराला परवडायचं आणि लहान कारागीर मरायचा. आपलं इंजिन छोटं, स्वस्त आणि कुठल्याही इंधनावर चालणारं असेल तर घरगुती कारखाना टिकेल, असं त्याचं स्वप्न होतं. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारावर एक पुस्तकही लिहिलं, पण ते फारसं खपलं नाही.

भिवंडीत हे स्वप्न लगेच ओळखू येतं. चार-सहा यंत्रमाग टाकून घर चालवणारा माणूस म्हणजे डिझेलच्या मनातला कारागीर. फरक एवढाच, की त्याचे माग विजेच्या मोटरवर चालतात. डिझेलचं इंजिन गेलं मोठ्या जहाजांत आणि मोठ्या गोदामांचा माल वाहणाऱ्या ट्रकमध्ये.

एक रात्र, एक जहाज

२९ सप्टेंबर १९१३. डिझेल बेल्जियमच्या अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या जहाजाने इंग्लंडला निघाला होता. लंडनला कंपनीची बैठक होती. रात्री जेवण झालं, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून तो खोलीत गेला.

सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कुणी झोपलेलंच नव्हतं. टोपी आणि ओव्हरकोट डेकवर सापडले.

काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन मृतदेह पुन्हा पाण्यात सोडण्यात आला. त्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या.

कर्जामुळे आत्महत्या, अपघात की घातपात? पहिलं महायुद्ध तोंडावर होतं, डिझेल इंजिन पाणबुड्यांत बसत होतं, त्यामुळे अफवांना ऊत आला. तो कर्जात बुडालेला होता हे नक्की. त्यापुढचं काहीच आजवर सिद्ध झालेलं नाही.

पण त्याने डिझेलचा ट्रक पाहिलाच नाही

डिझेलच्या इंजिनाला इंधन फवारण्यासाठी हवेचा जड कॉम्प्रेसर लागायचा, त्यामुळे ते गाडीत बसत नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९२३-२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेल ट्रक आले. १९२७ पासून बॉश कंपनीने इंधन पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतला आणि कॉम्प्रेसरची गरजच संपली. १९५४ मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या साथीने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली आणि भारतातले रस्ते डिझेलवर धावू लागले.

फवारणीचा जो प्रश्न डिझेलला छळत होता, तोच आज जुन्या ट्रकला पीयूसी सेंटरवर छळतो.

डिझेल गाडीची तपासणी अशी होते. इंजिन गरम करतात, गाडी न्यूट्रलला ठेवतात, सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि एक्सेलरेटर झटकन पूर्ण दाबतात. असं काही वेळा करून सरासरी काढतात. मशिनमध्ये एका बाजूने प्रकाश सोडलेला असतो. धुराने तो किती अडवला, तेच मोजलं जातं. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज युनिटची मर्यादा आहे, बीएस-४ ला ५० ची.

आकडा वर गेला, तर इंधन आत नीट जळत नाहीये. कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात:

- एअर फिल्टर चोंदलाय, म्हणजे जळायला हवाच कमी पडते.
- नोझल झिजलंय, म्हणजे तुषाराऐवजी थेंब पडतात.
- पिकअपसाठी पंपाचं डिझेल वाढवून ठेवलंय.
- धूर काळ्याऐवजी निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टन रिंगचं काम निघालंय.

त्यामुळे चाचणीच्या आदल्या दिवशी फक्त गाडी धुऊन भागत नाही. फिल्टर बदलणं, नोझल तपासणं आणि पंपाचं कॅलिब्रेशन करून घेणं यानेच आकडा खाली येतो. वैध पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की पासिंगही दरवर्षी करावं लागतं.

दंड एका बाजूला. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पैसे देऊन सेंटरवरून कागद मिळवता येईल, पण तो धूर सगळ्यात आधी ड्रायव्हर, क्लीनर आणि नाक्यावरच्या हमालाच्या छातीत जातो. रुडॉल्फ डिझेलने कारागिराचं आयुष्य सोपं व्हावं म्हणून हे इंजिन घडवलं होतं. नोझल आणि फिल्टर वेळेवर बदलणारा ट्रकमालक त्याच्या स्वप्नाच्या जरा जवळ जातो, आणि त्याची गाडीही पास होते.