एका साध्या मनुष्याचा शब्द

चार्ल्स हॅडन स्पर्जन यांचा जन्म १८३४ साली इंग्लंडातील एसेक्स परगण्यात झाला. वडील व आजोबा उपदेशक असूनही पंधराव्या वर्षी त्यांच्या जिवास शांती नव्हती. १८५० च्या जानेवारीत हिमवृष्टीमुळे ते कॉल्चेस्टर येथील एका लहान प्रार्थनामंदिरात शिरले. नेमलेले उपदेशक आले नव्हते. तेव्हा एक अल्पशिक्षित मनुष्य उभा राहिला. प्रभूकडे दृष्टी लावावी, एवढेच तो पुनःपुन्हा सांगे. शेवटी त्या मुलाकडे वळून त्यासही त्याने तेच सांगितले. त्याच घडीस मुलास तारण लाभले. पुढे लंडन शहरी सहस्रावधी लोक स्पर्जन यांचा उपदेश ऐकत. १८९२ साली ते प्रभूमध्ये निजले. त्या वक्त्याचे नाव मात्र निश्चित नोंदलेले नाही. बंधुभगिनींनो, पाळक न येतील त्या रविवारी मुके राहू नका.